आठाची वाटी

आमच्या ग्वायको गावात कोणाचा टीव्ही बंद पडला किंवा चर्चचा माइक खरखरायला लागला, की लोक आधी देवाचं नाव घेतात आणि मग लिस्ट्रा क्वामिनाचं. कधीकधी क्रम उलटा असतो. मी तिच्या शेजारची. आमच्या दोन अंगणांमध्ये क्रोटनचं कुंपण आहे, आणि ते आमच्या बोलण्याला कधीही आडवं आलेलं नाही. तेव्हा मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही, आणि कोणाला पटत नसेल तर त्याने येऊन माझ्या तोंडावर सांगावं.

लिस्ट्रा टेलिफोन कंपनीत लागली तेव्हा बायकांनी कानाला हेडफोन लावून गोड आवाजात नंबर जोडून द्यायचे, एवढंच काम होतं. हिने पहिल्याच वर्षी मागच्या खोलीत, तपासणीच्या टेबलावर बदली मागितली. साहेब म्हणाला, तुला शॉक बसला तर काय करशील? ती म्हणाली, तुम्हाला बसल्यावर तुम्ही ओरडता, मीही ओरडेन. त्या खोलीत तिने अख्खी नोकरी काढली. अरिमापासून टोकोपर्यंतच्या कुठल्या लाइनमध्ये काय दुखतंय ते तिला पडद्यावरच्या रेघेवरून कळायचं. निवृत्त झाली तेव्हा कंपनी जुनी यंत्रं काढून टाकत होती. इतरांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. हिने एक ऑसिलोस्कोप आणला आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. त्यावर क्रोशाचं आवरण. तेव्हापासून तिच्याकडे जेवायला गेलं की ताट मांडीवर घ्यावं लागतं.

स्कोप म्हणजे एक जड पेटी. पुढे पडदा, पडद्यावर चौकटी, बाजूला बटणांची गर्दी. आवाज म्हणा, वीज म्हणा, जे थरथरतं ते तारेने आत सोडलं की पडद्यावर रेघ होऊन उमटतं. पण ते कसं दिसावं हे बघणाऱ्याने ठरवायचं. एका चौकटीत किती मावेल, रेघ किती उजळ असेल, उमटल्यावर किती वेळ रेंगाळेल, दोन आवाज शेजारीशेजारी दिसतील की एकमेकांत गुंफून, हे सगळं त्या बटणांवर. लिस्ट्रा यंत्र चालू केल्यावर चहा होईल इतका वेळ नुसती बटणं फिरवत बसायची. त्यात एक बटण असं होतं, की ते दाबलं की बाकीचं सगळं यंत्र आपल्या मनाने ठरवतं. त्याच्यावर तिने जखमेची चिकटपट्टी लावून टाकली होती. मी विचारलं तर म्हणाली, "मी काय बघायचं ते दुसऱ्याने ठरवलेलं चाललं असतं, तर मी लग्न केलं असतं."

तिचा मोठा भाऊ ऍन्सेल्म. आमच्या सिल्वरटिप्स बँडचा पॅन ट्यूनर, म्हणजे पिंपांची वाद्यं सुरात लावणारा. तेलाच्या पिंपाचं बूड ठोकून खोलगट करायचं, त्यावर एकेका सुराचा कप्पा उठवायचा आणि मग छोट्या हातोडीने तो कप्पा सुरात आणायचा, हे त्याचं आयुष्यभराचं काम. आमच्या यार्डात, म्हणजे बँडच्या तालमीच्या आवारात, त्याचा हात न लागलेलं एकही पॅन नाही. मी स्वतः सिक्स-बास वाजवते, म्हणजे सहा अख्खी पिंपं माझ्याभोवती उभी असतात आणि मी मधे. तीही त्याचीच. आमचा आवाज इतका आमचा, की ईस्टर्न मेन रोडवर कुठेही लांबून ऐकू आला तरी माणसं म्हणतात, हे ग्वायको. शहरात आमच्यापेक्षा मोठे बँड आहेत, श्रीमंतही आहेत. असा आवाज मात्र एकाकडेही नाही, हे मी आमचा बँड म्हणून म्हणत नाही. म्हणजे आमचा म्हणूनच म्हणते, पण खरं आहे.

पॅनोरामाच्या, म्हणजे पॅन बँडांच्या वर्षाच्या स्पर्धेच्या, पहिल्या फेरीला परीक्षक प्रत्येक बँडच्या यार्डात येतात. वाजवायच्या आधी कॅप्टन माइकवर दोन नावं पुकारतो. गाणं बसवणाऱ्याचं आणि ट्यूनरचं. ट्यूनरचं नाव आलं की आम्ही सगळे लोखंड बडवतो. मी लहान होते तेव्हापासून ते दुसरं नाव ऍन्सेल्म क्वामिनाचं.

पण इतकी वर्षं कानाशी लोखंड ठोकणाऱ्याचं जे होतं, ते त्याचंही झालं. माणसांचं बोलणं त्याला कळायचं, माझा बास तर पोटात कळायचा. किटलीची शिटी मात्र ऐकू येईना. तीन किटल्या करपल्या, तेव्हा लिस्ट्राने त्याला शिटी नसलेली आणून दिली आणि त्यावर दोघंही काही बोलले नाहीत. आम्ही यार्डातलेही बोललो नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे आभाळाकडे बघत होते.

आता पॅनमधली गंमत अशी, की एका कप्प्यात एकच सूर नसतो. खालचा मुख्य सूर असतो आणि त्याच्या पोटात त्याचं भावंड, वरच्या सप्तकातलं. ट्यूनर दोघांनाही लावतो. खालच्याने सूर कळतो, वरच्याने गोडवा येतो. ऍन्सेल्मला खालचा चोख ऐकू येत होता. वरचं भावंड त्याच्यापुरतं गप्प झालं होतं. टेनर पॅनमध्ये, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या पॅनमध्ये, ते आधी कळलं. त्या जानेवारीत त्याने लावून दिलेले टेनर वाजले आणि वरच्या सुरांना कच्च्या आंब्यासारखी आंबट धार आली.

आमचा कॅप्टन रॉल सुकदेव मॅक्सी टॅक्सी, म्हणजे भाड्याची छोटी बस, चालवतो. भला माणूस आहे. एरवी हॉर्न दाबून अंगणाबाहेरूनच बोलतो, पण त्या दिवशी गाडी बंद करून लिस्ट्राच्या ओसरीवर आला. मीही तिथेच होते. त्याने टोपी हातात धरली आणि टोपीलाच सांगितल्यासारखं सांगितलं, की पहिली फेरी पुढच्याच्या पुढच्या बुधवारी आहे, टेनर असे राहिले तर आपण गेलोच, म्हणून शहरातून ट्यूनर बोलवावा असं कमिटीचं ठरतंय.

लिस्ट्राने विचारलं, "आणि नाव कोणाचं पुकारणार?"

"जो लावेल त्याचं, मिस लिस्ट्रा. दुसरं काय करू?"

"मग तो परत यार्डात पाऊल टाकणार नाही. तुला माहिताय."

"माहिताय. म्हणून तर आधी तुमच्याकडे आलो."

तिने एक आठवडा मागितला. रॉल म्हणाला, आठवड्यात काय त्याचे कान परत येणार आहेत? ती म्हणाली, कान नाही, मी येणार आहे. रॉलला काही कळलं नाही. पण लिस्ट्रा क्वामिनाला नाही म्हणण्यापेक्षा मॅक्सी नदीत घालणं सोपं, म्हणून तो हो म्हणून गेला.

आमच्याकडे टोमण्याला अपमान मानत नाहीत. काळजी वाटू लागली की माणसं गुळगुळीत बोलतात, म्हणून कोणी गोड बोललं की आम्ही सावध होतो. लिस्ट्राने भावाला टेबलाशी बसवलं, समोर टेनर मांडला आणि सरळ तोंड सोडलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

ऍन्सेल्म म्हणाला, "तुझ्या पेटीला पॅन आणि परात यातला फरक तरी कळतो का?"

"तुला तरी आता कुठे कळतोय?"

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर त्याची हाडं मोजावी लागली असती. ऍन्सेल्मने बहिणीकडे पाहिलं आणि मग तो पोट धरून हसला. इतके दिवस सगळे जे त्याच्या पाठीमागे कुजबुजत होते, ते कोणीतरी समोर बोललं होतं.

तिने काय केलं ते मी मला समजलं तसं सांगते. पॅनपुढे माइक ठेवला. माइकची तार दोन डब्यांतून नेली, दोन्ही डबे तिनेच बनवलेले. एक डबा कप्प्यातला फक्त खालचा सूर पुढे सोडी आणि दुसरा फक्त वरचं भावंड. मग स्कोपला सांगितलं, की या दोघांना शेजारीशेजारी दाखवू नकोस, एकाने रेघ आडवी ओढावी आणि दुसऱ्याने उभी. असं केलं की दोघं मिळून एक आकृती काढतात. सूर आणि त्याचं भावंड नेमके जुळले असतील तर पडद्यावर इंग्रजी आठ आडवा पडलेला दिसतो आणि आवाज विरेपर्यंत जागचा हलत नाही. जुळले नसतील तर तो आठ वळवळतो, मिटतो, उलगडतो. लिस्ट्राने रेघ रेंगाळण्याची मुदत अगदी कमी ठेवली. जुना ठोका गेला की पडदा स्वच्छ. तिला पडदा स्वयंपाकघराच्या ओट्यासारखा लागतो.

ऍन्सेल्मने पहिला सूर वाजवला तेव्हा आठ तव्यावरच्या मासळीसारखा उडत होता. त्याने हातोडी घेतली, इथे टिचकी, तिथे टिचकी, आणि आठ हळूहळू शांत झाला. थांबला. ऍन्सेल्मने पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबलेला. त्याने पडद्याकडे पाहिलं, हातोडीकडे पाहिलं आणि पुढचा सूर घेतला. त्या आठवड्यात त्याने सगळे टेनर पुन्हा लावले. लिस्ट्राच्या घरात पॅन ठेवायला जागा उरली नाही, माझ्या ओसरीवर रांग लागली. तो जेवताना पुन्हा बोलू लागला, शहरातल्या ट्यूनरांच्या नकला करू लागला. लिस्ट्रा तर अशी चालत होती, जणू रस्ता तिने विकत घेतलाय.

शुक्रवारी तालमीला आम्ही पहिल्यांदा सगळं मिळून वाजवलं. सूर बरोबर होते. कुठे आंबट नाही, कुठे खरखर नाही. गाणं संपलं आणि जो तो आपल्या काठ्या पुसू लागला. मला वाजवतानाच कसंतरी होत होतं. घरचं जेवण वाढलंय, सगळे पदार्थ आहेत, मीठही बेताचं आहे, पण रांधणारा हात आपल्या घरचा नाही, तसं काहीतरी. कोपऱ्यात मिस यूलाली मक्याचं सूप विकते. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि विचारलं, "आज कोणाचे पॅन मागून आणलेत?"

ऍन्सेल्मला तिचं बोलणं ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण त्याने आमचे चेहरे पाहिले. चेहऱ्यांना कान लागत नाहीत. तो एकेकाकडे बघत गेला, माझ्याकडेही, आणि मला खोटं हसता आलं नाही. त्याने हातोडी टेनरच्या स्टँडवर ठेवली आणि घरी निघून गेला. रॉलने दुसऱ्या दिवशी शहरात फोन केला. ट्यूनर मंगळवारी दुपारी येणार असं ठरलं.

शनिवारी मी लिस्ट्राकडे गेले तेव्हा ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. अर्धे दाणे टोपात पडत होते, अर्धे जमिनीवर. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, की पडद्यावर सगळे स्थिर होते, एकही हलत नव्हता, चूक सापडत नाही. मला राग आला. ऍन्सेल्म दार लावून बसला होता, आणि ही चूक कुठल्या चौकटीत आहे ते शोधत होती.

मी म्हणाले, "अगं, मेलेलं माणूसही स्थिर असतं. आपला आवाज कधी स्थिर होता? तो चालायचा. ढुंगण हलवत चालायचा."

तिचे हात थांबले. मग म्हणाली, "कंपनीत हलणारी रेघ म्हणजे बिघडलेली लाइन. ती थांबवायची, एवढंच मी आयुष्यभर केलं." आणि मग एकदम, "हेझेल, तुझा तो जुना टेनर कुठे आहे? लहानपणीचा?"

तो माझ्या कपाटावर होता, चादरीत गुंडाळलेला. ऍन्सेल्मचे कान तरुण होते तेव्हाचा. रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही दोघी ग्वायकोभर फिरलो. चर्चचा पॅन पाद्रीबाबांना सांगून घेतला. शाळेतला शिपायाला न सांगता घेतला. बेकरीत भिंतीवर शोभेला एक टांगलेला होता, तो बेकरीवाल्याने आधी दिला नाही. म्हणाला, त्याखाली भिंतीचा रंग गेलाय, ते दिसेल. लिस्ट्रा म्हणाली, तुझ्या पावात अळी निघाली होती तेही मी कोणाला दिसू दिलं नव्हतं. त्याने स्टूल आणलं.

घरी येऊन तिने माझा टेनर माइकपुढे ठेवला. या वेळी रेघ रेंगाळण्याचं बटण तिने पार दुसऱ्या टोकाला नेलं. आता जे उमटेल ते पुसेपर्यंत पडद्यावर राहणार. ठोका दिला. आठ उमटला, पण थांबला नाही. आवाज विरत गेला तसे त्याचे दोन्ही डोळे मिटत गेले, रेघ रेघेवर चढत गेली आणि शेवटी त्या सगळ्या रेघांवर एका वाटीचा आकार राहिला, दोन्ही काठ वर उचललेले. तिने पडदा पुसला आणि पुढचा सूर वाजवला. आठ, आणि मिटत मिटत वाटी. एकदोन कप्पे गंजून बिघडलेले होते, ते सोडले. मग चर्चचा पॅन. मग शाळेतला. मग बेकरीतला, त्याच्या कडेला पीठ होतं. प्रत्येकात आठाची वाटी, आणि आवाज संपायला आणि वाटी पुरी व्हायला एकच गाठ. तिने आकडेही पाहिले. वरचं भावंड प्रत्येक वेळी केसभर चढं, कधीच उतरतं नाही. वेगवेगळ्या सालातले पॅन, वेगवेगळी पिंपं, आणि सगळीकडे तोच एक केस.

लिस्ट्राला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही तिने चष्मा पुसला आणि काचेवर धूळ होती असं सांगितलं. मग म्हणाली, जा, त्याला घेऊन ये.

तो येईना. दारातून म्हणाला, आणखी एक चित्र बघायला नाही येणार, माझं झालं, हातोडी शहरवाल्याला द्या. मी म्हणाले, रविवारचं कॅलालूच्या पानांचं कालवण केलंय, खेकडे घातलेत. खेकड्यांना तो नाही म्हणत नाही. आला तर टेबलावर खेकडे नव्हते, चार पॅन होते. तो परत वळला, तेव्हा लिस्ट्राने त्याचा दंड धरला.

"बस. वाजव. नंतर शिव्या दे."

त्याने बेकरीतल्या पॅनवर ठोका दिला. आठ मिटला, वाटी झाली. शाळेतल्यावर, वाटी झाली. चर्चच्या, माझ्या. तो एकाआड एक वाजवत राहिला. लिस्ट्राने प्रत्येक वेळी पडदा पुसला आणि प्रत्येक वेळी तीच वाटी आली. मग त्याचा हात थांबला.

तिने विचारलं, "हे तू मुद्दाम करायचास?"

"मी काय करायचो? गोड होईपर्यंत मारायचो. गोड झालं की सोडायचो."

"हे बघ तुझं गोड." ती पडद्यावर बोट ठेवून म्हणाली.

ऍन्सेल्मने पडद्यावरच्या वाटीवरून बोट फिरवलं. मग तो अगदी हळू म्हणाला, "मला वाटलं ते कानात होतं. कानाबरोबर गेलं."

"कुठे गेलंय? बेकरीत टांगलं होतं."

तो हसला, आणि हसताहसताच त्याचा चेहरा मोडला. साठी उलटलेला दांडगा माणूस, पिठाच्या पॅनवर डोकं टेकून रडला. लिस्ट्राने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने बटणं फिरवायला लागली, कारण मंगळवार दुपार लांब नव्हती.

तिने पडद्याच्या काचेवर मेणाच्या पेन्सिलीने वाटीचे दोन काठ आखले. आठाने आवाज संपतासंपता त्या काठांशी यायचं, आधी नाही, नंतर नाही. उंच सुरांचा आवाज लवकर विरतो, म्हणून त्यांच्यासाठी चौकटीत मावण्याचं माप तिने कमी केलं, म्हणजे बारीकसारीकही मोठं दिसावं. प्रत्येक ठोक्यानंतर रेघ राहू द्यायची, बघायची, पुसायची. पहिल्या काही सुरांना तिनेच सांगितलं, अजून, अजून, बस. मग ऍन्सेल्मच सांगू लागला. वाटी फार पसरट झाली म्हणायचा, हिला काठ नाहीत म्हणायचा, आणि हातोडी उचलायच्या आधीच त्याला कळायचं कुठे टिचकी द्यायची. सोमवारी दुपारी तर त्याने तिच्या आखलेल्या काठाशी भांडण काढलं. हा काठ चुकलाय, माझी वाटी याहून किंचित उघडी असते. तिने बेकरीचा पॅन पुन्हा वाजवून पाहिला. तो बरोबर होता. तिने काठ पुसून पुन्हा आखला, आणि तोंड वाकडं केलं, पण मला ठाऊक आहे तिला किती बरं वाटलं ते.

मंगळवारी सकाळी शेवटचा टेनर लागून झाला आणि दुपारी शहरातून बर्नार्ड लेझामा आला. मोठा ट्यूनर, मोठ्या बँडांचे पॅन लावणारा, आणि माणूसही सभ्य. रॉलने त्याला टेनरांच्या रांगेपुढे उभं केलं. ऍन्सेल्म बाजूला, हात पाठीमागे. लिस्ट्रा त्याच्या शेजारी. लेझामाने एक सूर वाजवला, मग दुसरा, मग रांगेच्या शेवटापर्यंत प्रत्येक टेनरवर दोनचार. कान खाली नेऊन ऐकलं. पण आपली हातोड्यांची पिशवी त्याने खांद्यावरून काढलीच नाही.

"याला मी हात लावला तर सुधारणार काहीच नाही, फक्त माझं होईल. आणि माझं मला शहरात भरपूर आहे," तो रॉलला म्हणाला, आणि पेलाव-भात शिजलाय का ते विचारलं. तालीम संपेपर्यंत तो यूलालीच्या बाकावर बसून होता. यूलालीने त्याला सूप फुकट दिलं. असं ती पाद्रीबाबांनाही देत नाही.

बुधवारी परीक्षक आले. त्या वर्षी आम्ही पुढच्या फेरीत गेलो, ते इथे कोणालाही विचारा, पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं. यार्ड भरलेलं, रस्त्यावर मॅक्सींची रांग, टपांवर माणसं. मी माझ्या सहा पिंपांत उभी. ऍन्सेल्म इस्त्रीचा शर्ट घालून टेनरांच्या बाजूला होता. लिस्ट्रा यार्डाच्या कुंपणाशी, आपण कोणीच नाही अशी. रॉलने माइक घेतला. गाणं बसवणाऱ्याचं नाव पुकारलं. मग थांबला, ऍन्सेल्मकडे वळला आणि म्हणाला, "ट्यूनर, ऍन्सेल्म क्वामिना."

यार्डाने असं लोखंड बडवलं की परीक्षकांपैकी एकाने कान झाकले. ऍन्सेल्मला ते सगळं ऐकू आलं असणार, तेवढा मोठा आवाज त्याच्याही कानात शिरतो. त्याने दोन्ही हात वर केले आणि आम्ही गप्प होईपर्यंत ते खाली घेतले नाहीत. मग चार पावलं चालून रॉलच्या हातातला माइक काढून घेतला.

"कॅप्टन अर्धंच बोलला," तो म्हणाला. "ट्यूनर, क्वामिना आणि क्वामिना."

सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या. लिस्ट्राने पदकं मिळाली असती तरी एवढी मान ताठ केली नसती. लोखंड पुन्हा वाजायला लागलं, पहिल्यापेक्षा जोरात, आणि त्यात माझीही सहा पिंपं होती. तिने ते थोडा वेळ ऐकून घेतलं. मग आवाज जरा उतरल्यावर, सगळ्या यार्डाला जाईल अशा बेताने म्हणाली, "पहिला क्वामिना कोण, ते घरी गेल्यावर ठरवू."

ऍन्सेल्मला ते ऐकू गेलं नसेल, पण त्याने तिचे ओठ वाचले आणि माइकमध्येच मोठ्याने हसला. रॉलने हात वर केला, आणि आम्ही वाजवायला सुरुवात केली.